असतंच

हृदयात छिद्र निघालं, डॉक्टर म्हणाले, असतंच.
थायरॉइड. असतंच.
मान उशिरा धरली, जीभ बाहेर राहायची,
सर्दी तर दिवाळीपासून होळीपर्यंत.
डाऊन सिंड्रोमच्या मुलांना हे असतंच.
तो शब्द मी घरी आणला नि वापरू लागले:
सासूबाईंना, खालच्या मजल्यावरच्या गुप्ताइनना,
रात्री दोन वाजता स्वतःला.

म्हणून निरंजनचा डावा डोळा
नाकाकडे वळायला लागला तेव्हा
कुणी विचारायच्या आधीच
मी उत्तर देऊन टाकलं.

जानेवारीत मेळ्यात गेलो.
धुकं इतकं, की आकाशपाळणा अर्धाच दिसत होता.
माणसं वर जाऊन नाहीशी व्हायची, परत यायची,
आणि परतणाऱ्या प्रत्येकासाठी निरू टाळ्या वाजवायचा.
बाबूलाल कुशवाहाच्या तंबूत पुठ्ठ्याचं विमान होतं.
खिडकीत त्याला बसवलं, कानटोपी मागे सारली.
फ्लॅश.

दुसऱ्या दिवशी फोटो आणायला मी एकटीच गेले.
कुशवाहा गजक खात होता. हात पुसले,
पण पाकीट देईना.
बहनजी, फ़्लैश में आँख सबकी लाल आती है,
मैं काली कर देता हूँ. तीस साल से.
ये वाली सफ़ेद आई है.
ये मैंने ठीक नहीं की.

उजव्या बाहुलीत लाल ठिणगी होती, सगळ्यांची असते तशी.
डाव्या बाहुलीवर
साय धरली होती.

दिल्लीची गाडी पाच तास उशिरा.
धौलपूरच्या अलीकडे ती नुसतीच उभी राहिली
आणि निरूनं काचेवर वाफ सोडून, बोटानं पुसून,
पुन्हा वाफ सोडून
सगळा डबा हसवला.

डॉक्टर तरुण होती. रेटिनोब्लास्टोमा,
तिनं कागदावर लिहून दिलं, मी तीनदा वाचलं.
विचारलं, हेही असतंच का?
ती लगेच बोलली नाही.
म्हणाली, रक्ताचा कर्करोग या मुलांत जास्त, हे पक्कं.
बाकी गाठी उलट कमीच.
डोळ्याची मात्र...
काही अभ्यास म्हणतात, जास्त.
काही म्हणतात, मुलंच इतकी थोडी की सांगता येत नाही.
मला माहीत नाही, म्हणाली.
पण तिरळेपणा दिसला की आत बघायलाच हवं,
कुणाचाही असो.

तीन वर्षांत पहिल्यांदा कुणी
असतंच म्हणालं नव्हतं.
मला तिचा हात धरावासा वाटला
आणि त्याच हाताला चावावंसंही.

डोळा काढला. त्याबद्दल एवढंच.
जीव राहिला. उजवा डोळा स्वच्छ आहे,
ठरल्या तारखांना भूल देऊन बघतात,
आणि त्या तारखांच्या आदल्या रात्री
मी भांडी घासत बसते, घासलेलीच.

नवा डोळा रंगवणारे गृहस्थ म्हातारे,
तीन केसांचा असेल असा ब्रश.
निरूचे डोळे घारे, माझ्या वडिलांचे,
आणि बुबुळाच्या कडेनं पांढुरके ठिपके, गोल फेर धरलेले.
जन्मल्याच्या तिसऱ्या दिवशी टॉर्च मारून
बालरोगतज्ज्ञानं ते दाखवले होते,
तळहाताची एकच रेषा, आखूड मान, त्याच यादीत.
तेव्हापासून मी त्यांच्याकडे नीट बघितलं नव्हतं.
म्हाताऱ्यानं निरूची हनुवटी उचलली, खूप वेळ बघितलं.
ये दाने भी बनाऊँ? छोड़ दूँ तो
आँख ज़्यादा साफ़ लगेगी.

बनाइए, म्हटलं. सगळे. मोजून.
आणि मग मराठीत, त्याला कळो न कळो:
त्याच्या डोळ्यांत ते असतातच.

काल निरूनं तो डोळा काढून
पोळ्यांच्या डब्यात ठेवला, झाकण लावलं,
आणि तासभर आम्हाला पलंगाखाली, बुटांत,
गुप्ताइनच्या तुळशीत शोधायला लावलं.
सापडल्यावर टाळ्या.